मूठभर फुलांची नानकटाई

खायचं लव्हेंडर जव्हारात जगवणं म्हणजे पावसाशी भांडण. नाशिकच्या नर्सरीत कामाला असलेल्या मामूने रोप देतानाच बजावलं होतं, याची मुळं भिजत राहिली की संपलं. दोन हजार सालाच्या आगेमागे नवी सून म्हणून मी या बेकरीवाल्यांच्या घरात आले, ती हे रोप घेऊनच.

आमच्या भट्टीला लाकडाच्या मोळ्या आणणारी जवळच्या साखरशेत गावची बाई मला शहाणी भेटली. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात, त्या राबाची राख तिने पिशवी भरून आणली आणि कुंडीत घालायला लावली. तिच्या गावात बियाणं चुलीवर टांगतात, तशी मी कुंडी पावसाचे चारही महिने भट्टीच्या उबदार भिंतीवर चढवली. अधूनमधून उघडीप मिळाली की उन्हात. मोठी जाऊ, म्हणजे भाभी, हसायची. गवताचे काय लाड करतेस, म्हणायची.

हिवाळ्यात गवताला जांभळ्या कळ्या आल्या. त्या वाळवून चिमूटभर कोमट तुपात तासभर ठेवायच्या, तूप गाळायचं आणि त्यात मैदा मळायचा. त्या नानकटाईचा वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला. ताटली पाहुण्यांपुढे नेली भाभीने. वाहवा घेतली भाभीने. नवी आहे, तिला कुठलं येतंय, असंही वर म्हणाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी रिकाम्या ताटल्या उचलून आत नेल्या. राग मुरवायला मला आवडतं.

मग नणंदेची मंगनी ठरली. सासऱ्यांनी जाहीर केलं, हीच नानकटाई करा, मुलाकडच्यांना आवडली तर दुकानात काचेची बरणी लावू, करणारीच्या नावाने. माझं नाव त्या बरणीवर हवं होतं. रात्रंदिवस मला तेवढंच हवं होतं. आणि भाभीने पदर खोचून सगळ्यांदेखत सांगितलं की ती करणार.

मग ती मागच्या अंगणात माझ्याकडे आली. तिने मला कळ्या तोडताना पाहिलं होतं, तूप गाळताना नाही.

"किती घालायच्या गं?"

मी तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "बिर्याणीत पुदिना घालता तशा. हात आखडू नका, भाभी."

तिने मूठ भरभरून घातल्या, न गाळता. मुलाच्या आईने एक घास घेतला आणि तो तोंडातच फिरवत बसली. शेवटी आमच्या सासूबाईंनीच विचारलं, "यात साबण पडला का गं?" भाभीचा चेहरा भट्टीतल्या विटेसारखा झाला. तिने माझ्याकडे पाहिलं. पण सांगणार काय? कृती तर तिचीच होती ना.

मला त्या दिवशी साधा पावही गोड लागला.

संध्याकाळी सासऱ्यांनी हुकूम काढला, या घरात पुन्हा फुलंबिलं घालायची नाहीत. बरणी आली, तिच्यात साधी खारी भरली गेली. माझी नानकटाई माझी होती हे कुणाला कळलंच नाही, आणि आता सांगावं तर ती साबणाची ठरली होती. झाड पुढे बरीच वर्षं फुललं. कळ्या मी एकटीच चहात टाकून प्यायले.

पस्तावते का? बरणीसाठी पस्तावते. भाभीसाठी नाही.