पंधरा मिनिटं पुढे

बोळिंजच्या आमच्या घरातलं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे असायचं. मुंबईला नोकरीला जाणाऱ्या निम्म्या घरांत तीच तऱ्हा. तेवढीच धावपळ कमी. लेकीला मी वेळ बघायला शिकवलं ते त्याच घड्याळावर.

शिकवलं म्हणजे काय, घसा फोडला. ‘पावणेबारा’ म्हटलं की तिला वाटायचं, बारा वाजून गेले. माझं डोकं आधीच तापट. दोनदा बोटांवर पट्टीसुद्धा मारली. पण करणार काय? ती तिसरीत, दुपारची शाळा, मी सकाळीच बाहेर. जेवून, कुलूप लावून तिला एकटीनं खाली उतरायचं असायचं. शाळेची रिक्षा बाराला यायची, म्हणून सांगून ठेवलं होतं, ‘आपल्या घड्याळात बारा वाजले की उतरायचं.’ वर्षभर पोरगी एकदाही चुकली नाही.

गॅदरिंगच्या दिवशी सकाळी बघते तर घड्याळ बंद. घाईघाईत नवा सेल घातला, मनगटावरच्या घड्याळाप्रमाणे काटे लावले आणि पळाले.

संध्याकाळी आले तर ही दारात बसलेली. अंगावर कोळीनाचाची हिरवी साडी, गजरा सुकलेला. पहिल्या रांगेत नाचायची होती. महिनाभर घर डोक्यावर घेतलं होतं.

‘‘आई, मी बारालाच उतरले गं. जिना उतरेपर्यंत रिक्षा गेली.’’

‘‘खोटं बोलतेस? नटत बसली असशील!’’ मी हात उचललाच.

ती रडली नाही. म्हणाली, ‘‘मला घड्याळ येतच नाही वाटतं.’’

ती तोंड धुवायला गेली. मी सहज भिंतीकडे बघितलं, मग मनगटाकडे. दोन्हीकडे सात वाजून दहा मिनिटं. सकाळी काटे पंधरा मिनिटं पुढे ठेवायला मी विसरले होते. पोरगी सांगितल्याप्रमाणे बारालाच उतरली होती; रिक्षा चुकली ती माझ्यामुळे.

मी काय केलं? स्टुलावर चढले, काटे पुढे सरकवले, गुपचूप खाली उतरले. आईनं लेकीची माफी मागायची, हे आमच्या घरात मी कधी बघितलंच नव्हतं. पण म्हणून काय झालं? लाज वाटते आजही.

आता ती नोकरीला लागलीय. हातात चांगलं घड्याळ आहे. तरी निघताना मनगट माझ्यापुढे धरते. ‘‘आई, सव्वाआठच ना गं?’’

‘‘बरोबर आहे, बाळा,’’ मी म्हणते. त्या संध्याकाळी एवढंच म्हणायचं होतं.