खाली न टेकवायची घागर

त्या आषाढात हे काम सोडायचं माझ्या मनानं जवळजवळ घेतलं होतं. गावातल्याच एका कन्याशाळेत जागा रिकामी होती, आणि तिथल्या बाईंनी दोनदा निरोप पाठवला होता. तिथल्या मुली प्रश्न विचारल्यावर उत्तर देतात, घंटा झाली की दप्तर उचलतात, कुणी कुणाला चावत नाही. एवढ्या गोष्टींचाही मोह पडावा, असे ते दिवस होते.

कोल्हापुरात, राजारामपुरीत एका भाड्याच्या घरात आमची शाळा भरायची. मतिमंद मुलांची शाळा, असंच तेव्हा म्हणत. मी करते त्या कामाला आता वर्तन-मार्गदर्शन वगैरे नाव मिळालं आहे. तेव्हा नाव नव्हतं. जी मुलं मारतात, डोकं आपटतात, स्वतःला ओरबाडतात ती माझ्या खोलीत, बाकीची इतरांच्या, एवढीच वाटणी. पुण्याला वर्षभर राहून मी याचं शिक्षण घेतलं होतं. मूल चांगलं वागलं की लगेच शाबासकी द्यायची, वाईट वागलं की तिकडं लक्ष द्यायचं नाही, असं शिकून आले होते. आमची आई माझ्या दंडावरचे व्रण बघून म्हणायची, "पुण्याला जाऊन आणलंस काय, तर चावे." खोटं म्हणत नव्हती.

माझ्या खोलीत शेवंता होती. सतरा वर्षांची, अंगानं थोराड, बोलणं चार-दोन शब्दांचं. गारगोटीकडच्या एका खेड्यातली. तिला शाळेत घालता यावं म्हणून तिची आई हौसाबाई भावाकडे राजारामपुरीत येऊन राहिली होती. शेवंता बसून काम करायची तेव्हा गुणी असायची. मणी ओवायची, शेंगा फोडायची. पण काम संपून उठायची वेळ आली, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं झालं, की तिचं बिनसायचं. उजवं मनगट दातात धरून ती करकचून चावायची आणि समोर येईल त्याला ढकलायची. मनगटावर घट्टा पडला होता. मी फुटाणे देऊन पाहिले, दुर्लक्ष करून पाहिलं, शेवटी रागावूनही पाहिलं. ज्येष्ठात तिनं एका लहान मुलीला ढकललं आणि त्या मुलीच्या कपाळाला खोक पडली. शाळेच्या कमिटीनं सांगितलं, पुन्हा एकदा असं झालं तर तिला घरी पाठवायचं. त्यांचंही चुकत नव्हतं. त्या लहान मुलीलाही आई होती.

पण घरी म्हणजे कुठं, ते मला ठाऊक होतं. शेवंताच्या पायाच्या घोट्याभोवती काळपट वळ होता. हौसाबाईंना मी एकदा सरळ विचारलं. त्याही सरळच बोलल्या.

"गावाकडं गोठ्यात बांधतोय की. म्हशीशेजारी, दाव्यानं."

"हौसाबाई, माणसाचं लेकरू आहे ते."

"मग? मी काय हौसेनं बांधतोय व्हय, बाई? दाराम्होरं हीर हाय. कठडा न्हाय, काय न्हाय. मी रानात गेलो, की ही वाट फुटंल तिकडं. येकदा काठावरनं वडून आणलीया. तुमी सांगा दुसरं काय, तसं करतो."

पुण्यात विहिरीचा धडा नव्हता.

देवाधर्माचं म्हणाल, तर मी नेमानं अंबाबाईला जात असे. पण प्रदक्षिणा घालून घरी, एवढंच. मागणं मागायचा माझा स्वभाव नाही. आपल्या हातात आहे ते आपण करावं, देवीला आणखी हजार लेकरं आहेत, असा माझा हिशेब. आणि माझा विश्वास सगळा माझ्या हातांवर. शेवंता कुठंही निघाली, की मी तिचं मनगट घट्ट धरून चालायची. हात सुटला की अनर्थ, हे मी धरूनच चालले होते.

आषाढात आमच्याकडे टेंबलाईला पाणी घालतात. नदीला नवं पाणी आलं की गल्लीगल्लीतल्या पोरीबाळी डोक्यावर पंचगंगेचं पाणी घेऊन, वाजतगाजत टेकडीवर जातात आणि ते देवीच्या पायऱ्यांवर ओततात. पुढं सनई आणि ढोल. त्या वाद्याला कोल्हापूरकर 'पी-ढबाक'च म्हणतात, कारण ते वाजतंच तसं. त्या शुक्रवारी हौसाबाईंना ताप होता, म्हणून शाळा सुटल्यावर शेवंताला मामाकडे पोचवायला मी निघाले. कोपऱ्यावर आलो तर समोरून एका गल्लीच्या पाण्याची मिरवणूक आलेली. रस्ता भरून माणसं, गुलाल, कान फुटेल असा ढोल. मागं फिरायलाही जागा राहिली नाही. शाळेच्या दारात मुख्याध्यापिका, आमच्या मोठ्या बाई, उभ्या होत्या आणि आमच्याकडंच बघत होत्या.

शेवंताच्या घशातून तो आवाज निघाला, जो मला पुरता ओळखीचा होता. तिनं हिसका मारून मनगट सोडवलं आणि दातात धरलं. लोक बाजूला झाले. कुणीतरी ओरडलं, "ओ बाई, आवरा की पोरीला! अंगात आलंय काय तिच्या?" आणि कुणीतरी हसलं. पुढच्या क्षणी ती कुणाला तरी ढकलणार, डोक्यावर पाणी घेतलेल्या एखाद्या पोरीला पाडणार, आणि सगळं संपणार. मला दिसत होतं ते फक्त दावं. मी टेकडीच्या दिशेनं पाहिलं आणि मनात म्हणाले, 'माझ्यानं होत नाही. आता तू बघ.' त्याला प्रार्थना म्हणावं की वैताग, मला आजही सांगता येत नाही.

तेवढ्यात मिरवणुकीतून एक बाई सरळ आमच्याकडे आली. वयस्क, हिरवं लुगडं, कपाळभर मळवट, डोक्यावर पितळेची घागर, तिच्या तोंडाशी लिंबाचा पाला. घागरीखालची चुंबळ सरकून एका कानावर आली होती. आमच्या शाळेच्या मुलींना हिरवं परकर-पोलकं असायचं, आणि गल्लीच्या पोरीही त्या दिवशी हिरव्यातच होत्या. तिला वाटलं असावं, ही आपल्यातलीच एक.

"पोरी, घे गं जरा. चुंबळ सुटली माझी. खाली टेकवायची न्हाय देवीची घागर."

असं म्हणून तिनं चुंबळ काढली, शेवंताच्या डोक्यावर बसवली आणि वर घागर ठेवली. मी ओरडणार होते. देवीचं पाणी रस्त्यात सांडलं असतं तर त्या गल्लीनं आमचं काय केलं असतं! घागर झेलायला मी हात पुढं केला. पण झेलायच्या आधीच शेवंताचे दोन्ही हात वर गेले होते. चावायचं मनगट दातांतून सुटून घागरीच्या काठावर जाऊन बसलं होतं. घशातला आवाज थांबला. मान ताठ झाली. पाला तिच्या कपाळावर आला होता आणि तिच्या डोळ्यांत, खरं सांगते, मी प्रथमच स्वस्थपणा पाहिला. मी माझा पुढं केलेला हात मागं घेतला. आयुष्यात मी जे काही केलं, त्यात ते एक मागं घेणं मला सर्वांत जड गेलं.

"चल की म्होरं," ती बाई म्हणाली, आणि शेवंता चालू लागली. तो ढोल, ती गर्दी, कशाचंच तिला काही नाही. मी शेजारून, हात न लावता. टेकडी चढून ती पायऱ्यांशी गेली, इतर पोरींचं बघून तिनं पाणी ओतलं आणि मोठ्यानं म्हणाली, "आई." तिच्या चार-दोन शब्दांतला तो एक. त्या बाईनं घागर घेतली, तिच्या गालावरून हात फिरवला आणि गर्दीत मिसळली. आभार मानायला मी तिला खूप शोधलं. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना विचारलं तर म्हणाले, "असली बाई आमच्यात न्हाय. पावणी म्हणून कुणाकडं आलेली असंल." असेलही. कुणाची तरी पाहुणी असेल. मी त्यावर वाद घालत नाही.

परतताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शेवंताचं बिनसायचं ते हात मोकळे झाले की. काम संपलं की हातांना धरायला काही नाही, आणि मी काय करत होते? तोच हात आवळून धरत होते. शनिवारी मी घरून कळशी आणि चुंबळ घेऊन शाळेत गेले. मोठ्या बाई म्हणाल्या, "शाळा आहे की पाणवठा?" पण त्यांनी कोपऱ्यावरचं सगळं पाहिलं होतं, अडवलं नाही. या खोलीतून त्या खोलीत जायचं झालं की शेवंतानं पिण्याचं पाणी न्यायचं, असा नेम बसवला. एका दिवसात जादू झाली नाही. दोन कळश्या चेपल्या, माझ्या साड्या भिजल्या, मनगटावर अधूनमधून दात उमटत राहिले. पण तिनं कुणाला पाडलं नाही, आणि कमिटीनं तो विषय पुन्हा काढला नाही. कन्याशाळेच्या बाईंना मी नकार कळवला.

पुढं अनेक वर्षं हेच काम केलं. नवीन मूल खोलीत आलं की आधी त्याच्या हातांकडं बघायचं आणि आपले हात आवरायचे, हे मी शिकाऊ मुलींना सांगते. कुठं शिकलात, असं त्या विचारतात. पुण्यात, असं म्हणत नाही.

शेवंताची शाळा संपल्यावर काही काळानं मी तिच्या गावी गेले होते. गोठ्यात दाव्याला म्हैस होती. "पोरीचं दावं कुठं आहे?" मी विचारलं. हौसाबाई हसल्या. "ह्येच की ते. म्हस वडाळ झालीया, सारखी पळून जाती, तिला लागतंय." मग त्यांनी दोन घागरी उचलल्या, एक लेकीला दिली. कठडा नसलेल्या त्या विहिरीवर दोघी गेल्या, भरल्या घागरी घेऊन काठावरून परत फिरल्या. आई पुढं, लेक मागं. मी अंगणात दोघींच्या पावलांवर नजर लावून उभी होते. हौसाबाईंनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

मला ते जमायला अजून वेळ आहे. पण दर आषाढात मी टेंबलाईला घागर नेते, काही न मागता पायऱ्यांवर ओतते, आणि उतरताना रिकामे हात मोकळे सोडून चालते.