साडूंच्या आठ स्कूटरी

आमचे साडू आयुष्यात कधी कुणाकडे विनाकारण गेले नाहीत. लग्नाला गेले तर मांडवामागे जनरेटरपाशी उभे राहायचे, बारशाला गेले तर पाळण्याच्या कुरकुरणाऱ्या कडीला तेल घालून परत यायचे आणि बाळ मुलगा की मुलगी हे घरी आल्यावर बायकोला विचारायचे. "काम नसताना लोकाच्या दारात जानं बरं न्हाई, पाव्हणं," असं ते मला नेहमी सांगत, आणि तेही माझ्याच दारात बसून. एवढ्या भिडस्त माणसानं खरं तर घरातच बसून राहायचं. पण आमच्या सगळ्या गोतावळ्यात जिल्हाभर त्यांच्याएवढं कुणी फिरलं नसेल आणि त्यांच्याएवढ्या घरांत कुणी जेवलं नसेल. त्याचं कारण एकच. साडूंकडे आठ जुन्या स्कूटरी होत्या आणि त्यातल्या सात दुसऱ्यांच्या दारात उभ्या होत्या.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही दोघंही त्यांना दाजीच म्हणतो. एका साखर कारखान्याच्या यार्डात उसाच्या गाड्यांच्या नोंदी करण्यात त्यांचं आयुष्य गेलं आणि कारखान्याच्याच कॉलनीत दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये संसार झाला. ज्या काळात लोक धडाधड मोटरसायकली घेऊ लागले आणि हातात गिअर असलेल्या स्कूटरी परसात लोटून देऊ लागले, त्या काळात दाजींचा जीव कासावीस झाला. कुणाच्या गोठ्यात एखाद्या स्कूटरच्या सीटवर कोंबडी खुडूक बसलेली दिसली की त्यांना अन्न गोड लागत नसे. कोंबडीची रीतसर दुसरीकडे सोय लावून ते स्कूटर घरी आणत, महिनोन्‌महिने खपून तिला चालती करत, आणि मग प्रश्न पडे तो ती ठेवायची कुठे हा. कॉलनीत एका क्वार्टरला एकच गाडी असा नियम होता. त्यामुळे पहिली दारात राहिली आणि बाकीच्या सासरी दिल्यासारख्या गावोगाव गेल्या.

आमच्याकडे नेवाशाला आभाळी रंगाची आली. "दोन दिवस ठेवतो हितं," असं म्हणून त्यांनी ती अंगणात, फाटकाच्या आत लावली. ते दोन दिवस बारा वर्षं चालले. फाटक अर्धंच उघडायचं. मी तिला चार वेळा धडकलो आणि चारही वेळा दाजींनी तिलाच लागलंय का ते पाहिलं. बायकोची मात्र तिच्याशी लवकरच गट्टी जमली. सीटवर ती मिरच्या वाळत घाली, आरशाला पिशव्या अडकवी आणि डिकीत कपड्यांचे चिमटे ठेवी. मी कुरकुर केली की म्हणायची, "असू द्या, खायला मागती का ती?"

खायला ती मागत नव्हती, पण तिच्या निमित्तानं दाजी येत. दीड-दोन महिन्यांतून एका रविवारी हातात हत्यारांची पिशवी घेऊन ते फाटकातून आत येत आणि आम्ही समोर उभे असलो तरी आधी स्कूटरशी बोलत. गाडीवर टाकलेली गोधडी काढायची, गाडी एका अंगाला तिरकी करायची, सरळ करायची, पेट्रोल कुठवर उतरलं ते कान लावून ऐकायचं. मग प्लग काढून त्यावर फुंकर घालायची, पॉलिश पेपरनं तो घासायचा, चोक ओढायचा आणि किक मारायची. गाडी चालू झाली की गल्लीभर धूर होई आणि समोरच्या घरातले आजोबा खोकत खिडकी लावून घेत. त्या धुरात दाजी हँडलवर हात ठेवून आजाऱ्याची नाडी बघावी तसे उभे राहत. एवढं झाल्यावर ते ओसरीवर येत. "बसतो वाईच. इंजन गार झालं की निघतो." आता थंडीच्या दिवसांत कुठल्याही स्कूटरचं इंजिन गार व्हायला असा कितीसा वेळ लागणार? पण आमच्या स्कूटरचं इंजिन जेवणं झाल्याशिवाय गार झाल्याचं मला आठवत नाही. कधी कधी तर त्याला दुपारची झोप आणि चारचा चहासुद्धा लागे. जाताना ते एक तरी दुखणं शिल्लक ठेवून जात. "पुढल्या टायमाला क्लच वायर बघाय लागंल," म्हणत.

पाथर्डीकडच्या एका वाडीत त्यांची लाल स्कूटर होती. ते घर ऊसतोडीला येणाऱ्या एका जोडप्याचं. दाजींची त्यांची ओळख यार्डातली. दिवाळीनंतर ते जोडपं कारखान्यावर यायचं, घराला कुलूप लागायचं आणि दारात लाल स्कूटर तेवढी राहायची. दाजी त्या कुलूपबंद घरीसुद्धा रविवारी एसटी बदलत जात. स्कूटर चालू करत, अंगण झाडत, इंजिन गार होईपर्यंत एकटेच पायरीवर बसत आणि सोमवारी यार्डात उसाच्या गाडीशी उभं राहून त्या दोघांना बातमीपत्र देत. "घर झ्याक हाय तुमचं. चिंच लई लागली औंदा. शेजारच्यांची शेळी आत आल्ती, हाकलली." ती बाई उसाची मोळी तशीच डोक्यावर ठेवून सगळं ऐकून घ्यायची, असं दाजीच सांगत.

माझे वडील गेले तेव्हाची गोष्ट सांगतो. घर माणसांनी भरलेलं, जो तो मला धीर देत होता आणि मला कुणाचं काही ऐकू येत नव्हतं. दाजी आले, मान खाली घालून सरळ स्कूटरपाशी गेले आणि तिचं मागचं चाक खोलून बसले. भावकीतले एकजण चिडून म्हणाले, "माणूस गेलंय आन्‌ ह्येंचं काय चाललंय?" संध्याकाळी सगळे पांगल्यावर मी अंगणात आलो तर चाक अजून बाहेरच होतं. दाजींनी मला पाना धरायला दिला. रात्र पडेपर्यंत मी त्यांना पाने देत बसलो. त्या चाकाला काहीही झालेलं नव्हतं.

या सगळ्यात ताईंचं काय, असं कुणी विचारत नसे. ताई म्हणजे दाजींच्या मंडळी. आठ स्कूटरी आणि एक नवरा त्यांनी सांभाळला आणि जन्मात एकच हट्ट धरला, तोही मोठ्यानं नाही. त्यांना भिंतीत खिळा ठोकायचा होता. कारखान्याच्या क्वार्टरमध्ये भिंतीला खिळा ठोकायची बंदी होती. त्यांच्या वडिलांचा, म्हणजे आमच्या सासऱ्यांचा, मोठा काचेचा फोटो त्यामुळे सगळा संसारभर कपाटावर भिंतीला टेकवून ठेवलेला असे. कपाटाचं दार जरा जोरात लावलं की फोटो घसरायचा आणि ताई आतून ओरडायच्या, "तात्या पडले!" नवखा पाहुणा दचकून उठायचा. काच इतक्यांदा बदलली होती की काचवाला फोटो बघूनच माप सांगायचा. "माझं घर झालं ना, की पयला खिळा तात्यांचा," असं ताई हसत म्हणत. त्या हसत म्हणत, म्हणून आम्हीही हसत असू.

दाजी रिटायर झाले आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. नगरजवळच्या केडगावच्या पुढं दोन खोल्यांचं एक बेताचं घर ताईंनी पाहून ठेवलं होतं. फंडाचे पैसे तेवढ्याला पुरत नव्हते. नेमका त्याच सुमारास पुण्याचा एक तरुण दाजींचा पत्ता काढत आला. लग्नाआधी नवरा-नवरीचे फोटो काढायचा त्याचा धंदा होता आणि त्यासाठी त्याला जुन्या स्कूटरी हव्या होत्या. घरासाठी जेवढं कमी पडत होतं तेवढं तो द्यायला तयार होता. अट एकच. घेतल्या तर आठही घेईन, सुटी एक घेणार नाही आणि एक मागं ठेवूही देणार नाही. आठ रंगांचा सेट त्याला हवा होता.

दाजींना निर्णय घेता येईना. ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "तुमच्या गाड्या, तुमी बघा." त्या भांडल्या असत्या तर दाजींना सोपं गेलं असतं. मग ते ज्यांच्या ज्यांच्या दारात स्कूटर होती त्यांना विचारत फिरले. माझ्याकडे आले तेव्हा मी जेवत होतो. घास तोंडात असतानाच मी म्हणालो, "विकून टाका दाजी. म्हातारपणी पाठ टेकायला आपली भिंत लागते." "व्हय, ते बी खरं," असं म्हणून ते अंगणात गेले आणि घासून लख्ख केलेला प्लग पुन्हा घासत बसले. सल्ला योग्यच होता. आजही मी तोच देईन. पण हात धुऊन, शेजारी बसून दिला असता तर बरं झालं असतं, असं वाटत राहतं.

शेवटी ठरलं ते सामान बांधताना. ताईंनी तात्यांचा फोटो जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि गाठ मारता मारता फोटोलाच म्हणाल्या, "चला तात्या, आता भाड्याच्या घरात पडायला." दाजी दारात उभे होते. त्यांनी त्याच संध्याकाळी पुण्याला फोन लावला.

टेम्पो सगळ्या गावांतून स्कूटरी गोळा करत हिंडला. आमच्याकडे आला तेव्हा दाजी पहाटेच येऊन बसले होते. त्यांनी आभाळी स्कूटर पुसली, तिच्यात ऑईल मिसळून ताजं पेट्रोल भरलं आणि पहिल्या किकला चालू करून दाखवली. पुण्याचा तो मुलगा सभ्य होता. तो म्हणाला, "काका, चालू नसती तरी चाललं असतं. फक्त उभी राहिली पाहिजे." दाजींनी गाडी बंद केली. दोर स्वतः बांधला. त्या दिवशी इंजिन गार व्हायची वाट न बघता ते टेम्पोतच बसून गेले. बायकोनं चिमटे परातीत काढून ठेवले होते. ती परात तिच्या हातात तशीच राहिली होती.

घर झालं. वास्तुशांतीला ताईंनी मला हाताला धरून आत नेलं. भिंतीच्या बरोब्बर मध्यावर तात्या होते. "हलवून बघा," त्या म्हणाल्या. मी फोटो हलवला. तो पडला नाही. त्यानंतर त्यांनी कॅलेंडरला खिळा ठोकला, चाळणीला ठोकला, पिशवीला ठोकला, आणि काही खिळे तर पुढं कधीतरी लागतील म्हणून ठोकून ठेवले. घरासमोर एक दुचाकी मावेल एवढी फरशी केलेली जागा आहे. तिथं तुळस ठेवली आहे.

आणि दाजींचं येणं थांबलं. पहिले दोन महिने आमच्या लक्षातच आलं नाही. मग मी फोन केला. "येत का नाही?" म्हटलं. पलीकडून खराखुरा प्रश्न आला, "काय काम काढून येऊ, पाव्हणं?" पाथर्डीच्या त्या बाईचाही त्यांना फोन आला होता म्हणे. कारखान्यावर आल्यावर तिनं विचारलं होतं, "भाऊ, आमच्या घराचं कसं काय?" आणि दाजी तर तिकडं फिरकलेच नव्हते. ताई एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "सारा जलम रविवारी घरात न्हाईत म्हनून भांडले. आता रविवारी घरातच असत्यात. भिंतीकडं बघत बसत्यात. आता काय म्हनून भांडू?" मध्यंतरी कुणीतरी त्यांना मोबाईलवर एक फोटो दाखवला. आमची आभाळी स्कूटर, वर गॉगल लावलेलं जोडपं, मागं फुगे. दाजींनी फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "क्लच वायर तशीच हाय."

गेल्या महिन्यात एका रविवारी फाटक वाजलं. हल्ली ते सबंध उघडतं. दाजी आत आले, हातात पिशवी नव्हती. सवयीनं ते फाटकाच्या आत डावीकडं वळले आणि थांबले. तिथं फरशीवर तेलाचा काळा डाग आहे. बायको सगळं अंगण घासते, तो डाग तेवढा सोडते. ती बाहेर आली आणि जुन्या सवयीनं बोलून गेली, "या दाजी. काय काम काढलंत?" आणि तिनं जीभ चावली. दाजींनी खिशात हात घातला, बाहेर काढला. मग मान वर न करता म्हणाले, "काय न्हाई. सहज आलो."

मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो. एवढं अवघड काम त्यांनी कधी केलं नसेल.

आम्ही ओसरीवर बसलो. चहा झाला. कारखान्याचं बोलणं झालं, पावसाचं झालं, ताईंच्या खिळ्यांचं झालं. मग बोलणं संपलं. दाजी एकदा अंगणाकडं बघत, एकदा माझ्याकडं. शेवटी जरासे हसून म्हणाले, "उठावं कवा तेच कळंना, पाव्हणं. पयलं इंजन गार झालं की उठायचो." मी काहीतरी हूं केलं. ते उठलेच. जेवायला थांबा म्हटलं तर "पुन्हा कधी" म्हणाले. मी त्यांना स्टँडवर सोडलं, नगरची एसटी लागलीच होती. खिडकीतून त्यांनी हात केला, तोही अर्धाच, काही काम नसताना करावा तसा.

परत आलो तर बायकोनं तीन पानं मांडली होती. माझ्या मागं कुणी नाही हे बघून तिनं तिसरं ताट उचललं आणि जाता जाता म्हणाली, "इंजन अजून गार झालं न्हाई म्हनून सांगायचं हुतं ना तुमी." मला ते सुचलं नव्हतं.