मनं उत्तर बरोबर शे

ही गोष्ट मी दरवर्षी सांगत आलो. जूनमध्ये नवी बॅच आली की पहिल्याच आठवड्यात — पोरं पेंगतायत, मागच्या बाकावर कुणीतरी मोबाइल लपवतंय — मी खडू खाली ठेवतो आणि म्हणतो, "ऐका रे, एक गोष्ट सांगतो." इतक्या वेळा सांगितली. पण खरी? खरी एकदाही नाही. बायकोलाही नाही. या मार्चपर्यंत कुण्णाला म्हणून कुण्णाला नाही.

तुम्हाला आधी खोटीच सांगतो. ती ऐकल्याशिवाय खरी कळायची नाही.

मी जळगावात पिंप्राळ्याला बारावीच्या केमिस्ट्रीचे क्लास घेतो. आणि चांगले घेतो, उगाच लाजत नाही. तर माझी गोष्ट अशी — धुळ्याला बारावीचा केमिस्ट्रीचा पेपर. पेपर सुटला की सगळी पोरं केंद्रासमोरच्या उसाच्या रसाच्या गाडीपाशी जमायची, उत्तरं जुळवायला. त्यात एक प्रश्न होता. फर्स्ट ऑर्डरची अभिक्रिया आहे, सुरुवातीला पदार्थ दुप्पट घेतला, तर तो निम्मा व्हायला किती वेळ लागेल? सगळ्यांनी लिहिलं, दुप्पट. साधं आहे, नाही का? माल दुप्पट, वेळ दुप्पट. एकाच मुलाने लिहिलं होतं, वेळ तेवढाच. झालं! सगळे त्याच्यावर तुटून पडले. वर्गातला पहिल्या नंबरचा हिरो तर पोट धरून हसला. पण तो मुलगा हलला नाही. "हसा," म्हणाला, "माझं उत्तर बरोबर आहे." आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात सरांनी सांगितलं — वेळ तेवढाच. अख्ख्या गर्दीत तो एकटा बरोबर!

इथे मी थांबायचो. पाणी प्यायचो. मग छातीवर हात ठेवून म्हणायचो, "तो मुलगा म्हणजे मी."

काय सांगू तुम्हाला, बाकं बडवायची पोरं! आणि नुसती बडवायची नाहीत हो — दुसऱ्या दिवसापासून जी पोरगी कधी तोंड उघडत नव्हती तिचा हात वर. जो पोरगा शेजाऱ्याचं बघून लिहायचा तो भांडायला उभा. गोष्ट चालायची. दरवर्षी चालायची. म्हणूनच तर सोडवत नव्हती.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल — की नाही आलं? तो मुलगा मी नव्हतो. मुळात तो मुलगाच नव्हता.

तिचं नाव सुनंदा. साक्रीकडच्या एका खेड्यातली, धुळ्याला होस्टेलवर राहायची. वर्गात जपून आमच्यासारखं बोलायची, पण चिडली की घरची अहिराणी बाहेर यायची. त्या दिवशी रसाच्या गाडीपाशी तिला सगळ्यांनी घेरलं, तेव्हा ती "हसा" वगैरे काही म्हणाली नाही. मान वर करून म्हणाली, "बठ्ठासले हसू द्या. मनं उत्तर बरोबर शे."

बठ्ठासले म्हणजे सगळ्यांना. आणि मी? मी तो हिरो. पहिल्या नंबरवाला. पोट धरून हसणारा. हसून थांबलो असतो तर एक वेळ — पण नाही. मी तिची नक्कल केली. तिच्याच आवाजात, मान वर करून. पोरं रस्त्यावर लोळायची बाकी राहिली. तिच्या हातातला रसाचा ग्लास तसाच भरलेला होता. तो तिने गाडीवर ठेवला आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सरांनी ती बरोबर असल्याचं सांगितलं, तेव्हा तरी मी गप्प बसावं ना? उलट चेकाळलो. राहिलेल्या पेपरांना ती दिसली की आमचा घोळका सुरू — "बरोबर शे, बरोबर शे!" ती चुकली असती तर मी तिला विसरून गेलो असतो. ती बरोबर होती, हेच मला सोसलं नाही.

मग तिची गोष्ट माझी कशी झाली? पहिलीच बॅच होती. भाड्याची खोली, समोर थोडकी पोरं, तीही जांभया देणारी. मी सांगायला लागलो ते खरंच सांगायला लागलो होतो, शपथेवर. पण सांगता सांगता पोरं सरसावून बसली, डोळे मोठे झाले, आणि एकीने विचारलं, "सर, कोण होतं ते?" त्या डोळ्यांसमोर 'मी हसणारा' असं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, 'मी'. एवढंच. पुढची सगळी वर्षं त्याच एका शब्दावर टाळ्या घेतल्या.

आता या मार्चचं ऐका. जळगावातलं केंद्र, केमिस्ट्रीचा पेपर, आणि समोर — रसाचीच गाडी. परीक्षेला मी केंद्राबाहेर उभा असतोच. पोरं सुटली की माझ्याभोवती कोंडाळं, मी पेपर हातात घेऊन फटाफट उत्तरं सांगतो, आणि ज्याचं जुळलं तो ओरडतो. आमचा दरबारच असतो तो. ऊन मी म्हणत होतं. एका प्रश्नाशी मी आलो — साखरेचं द्रावण आणि मिठाचं द्रावण, मोल सारखे, पाणी सारखं, जास्त तापमानाला कोणतं उकळेल? मी घाईत, रुबाबात सांगून टाकलं, "दोन्ही सारखंच. पुढचा प्रश्न."

"नाही सर. मिठाचं."

प्रांजल. माझ्याच क्लासची, तिसऱ्या बाकावरची, शांत पोरगी. मी हसलो. तुम्ही म्हणाल, अजूनही? हो, अजूनही. "अगं, सर कोण आहे इथे?" म्हटलं, आणि सगळी पोरं खो खो हसली. प्रांजलचा चेहरा लाल झाला. तिने मान वर केली.

"बठ्ठासले हसू द्या. मनं उत्तर बरोबर शे."

माझ्या हातातला पेपर खाली आला. वर्गात मी हे वाक्य अहिराणीत कधीच सांगितलं नव्हतं. एकदाही नाही.

"हे कुठून आणलंस?" मी विचारलं.

तिला वाटलं मी रागावलो. ओशाळून म्हणाली, "सॉरी सर. माझी आई असं म्हणते. तुमची ती गोष्ट आहे ना, तीच आई मी लहान असताना स्वतःची म्हणून सांगायची. तुमच्या क्लासला आल्यावर कळलं, ती तुमची आहे. मग मी आणि पप्पांनी तिला एवढं चिडवलं — आई, सरांची गोष्ट कुठूनतरी ऐकून स्वतःची म्हणून फेकतेस होय! आता नाही सांगत ती."

आता नाही सांगत ती. कळतंय ना तुम्हाला मी काय केलं होतं? धुळ्याला मी तिला हसलो ते हसलोच. पण इथे, तिच्याच घरात, तिच्याच पोरीसमोर तिला खोटं पाडलं. आणि ते करायला मला उंबरासुद्धा ओलांडावा लागला नाही.

रस्त्याच्या कडेला स्कूटरवर एक बाई थांबली होती. तोंडाला स्कार्फ, त्यावर हेल्मेट. तिने हेल्मेट काढलं, स्कार्फ सोडला. सुनंदाच. प्रवेशाच्या वेळी वडील आले होते, म्हणून मला पत्ता नव्हता. तिला मात्र पत्ता असणारच — कुणाच्या क्लासला पोरीला घालतोय ते. घातलं तरी तिने. मी केमिस्ट्री चांगली शिकवतो म्हणून घातलं असेल.

मी त्या गाडीजवळच्या बाकड्यावर चढलो. आवाज तर माझा मोठाच आहे. म्हटलं, "प्रांजल बरोबर आहे. मिठाचे दोन आयन होतात, कण दुप्पट, मिठाचंच पाणी जास्त तापमानाला उकळतं. मी चुकलो." पोरांनी गलका केला. मी थांबलो नाही, थांबलो असतो तर राहिलंच असतं. "आणि धुळ्याच्या गोष्टीतला तो मुलगा मी नाही. ती मुलगी होती. ती तिथे स्कूटरवर बसलीय, प्रांजलची आई. गोष्टीतला तो हसणारा — तो मी."

रसाच्या चरकाची घुंगरं वाजतच होती. मग कुणीतरी शिट्टी मारली. आणि सगळा घोळका माझ्याकडे पाठ करून रस्त्याकडे धावला. काय टाळ्या त्या! माझ्या गोष्टीला इतक्या वर्षांत अशा टाळ्या कधी मिळाल्या नाहीत. पोरांनी प्रांजलला उचललं, रसवाल्याने दोन ग्लास स्वतः नेऊन दिले. सुनंदा हसत होती, डोळे पुसत होती, स्कार्फ सावरत होती. तिने आपला ग्लास शेवटपर्यंत प्यायला.

माझ्याकडे तिने पाहिलं नाही. मीही समोर गेलो नाही, घोळक्याच्या मागे स्कूटरजवळ उभा राहिलो.

प्रांजल मागे बसली. रस्ता ओलांडायला ट्रकच्या रांगेने त्यांना अडवलं होतं, तेवढ्यात तिने आईच्या खांद्यावर हनुवटी टेकवली आणि म्हणाली, "आई, सांग ना परत. पहिल्यापासून."

"आमचा पेपर धुळ्याला होता," सुनंदा म्हणाली, "आणि ऊन तर असं—"

ट्रक सरले. स्कूटर निघाली. पुढचं मला ऐकू आलं नाही.