शाई सुकू नये म्हणून

ताई गेल्याचा फोन मी लगेच उचलला नाही. हातात शाईचा कप होता. बुडाला बारीक भोक असलेला हा कप शाईने भरायचा, वर उचलायचा आणि धार तुटेपर्यंत किती सेकंद लागतात ते बघायचं. शाई घट्ट की पातळ, ते त्यावरून कळतं. मध्येच थांबलं की माप फुकट जातं. स्क्रीनवर भाच्याचं नाव दिसत होतं. तरी मी धार तुटू दिली, आकडा बघितला, मग फोन घेतला... "मामा, आई गेली," एवढंच तो म्हणाला.

साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यात औषधाच्या बाटल्यांवरच्या मापाच्या टोपणांवर रेघा छापतो. मशीनचा सिलिकॉनचा मऊ गोळा कोरलेल्या पट्टीवरची शाई उचलतो आणि टोपणावर टेकवतो. शाई घट्ट झाली की रेघ तुटते, पातळ झाली की पसरते. भावजी वारल्यावर "घरात बसून काय करू" म्हणत ताई असल्फ्याहून यायला लागली आणि मशीनवरच बसली. जेवतानासुद्धा लक्ष शाईकडे. थिनरचे थेंब घालायची, ढवळायची, पुन्हा कप भरायची. माल कधी परत आला नाही, आणि त्याची शाबासकी मी घेत राहिलो.

थिनर उडतं म्हणून शाई घट्ट होते. भिंतीतला एक्झॉस्ट पंखा लावला की आणखी लवकर. म्हणून तो मी बंद ठेवायचो. शाई झाकलेली राहते अशी मशीन मिळते. पुढच्या वर्षी घेऊ, असं मी दर वर्षी म्हणायचो. वास गाळ्यात साचून राहायचा. ताई पदर नाकावर गुंडाळून बसायची. एकदा ऐन मे महिन्यात म्हणाली, "पंखा लाव रे, डोकं भणभणतंय."

"शाई सुकेल, ताई. एवढा लॉट जाऊ दे."

"शाईचे काय लाड रे तुझे! माझ्यातपण थोडं थिनर घाल, मीपण होते पातळ."

आम्ही दोघंही हसलो. पंखा बंदच राहिला. त्यानंतर तिने कधी मागितला नाही... उलट कुणी लावला तर तीच उठून बंद करायची.

आधी खोकला आला, मग जिना चढताना धाप. थिनरमुळे असेल का, असं मी डॉक्टरांना विचारलं, तेही खूप उशिरा. आता सांगता येणार नाही, म्हणाले. म्हणजे मला ते कधीच कळणार नाही. दिवसकार्याला लोक सांगत होते, बहिणीला किती सांभाळलंस. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. इथे पहिल्यांदा लिहितोय. लिहून हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही होत नाहीये.

ताईच्या जागी आता रेखा बसते. तिला ताईनेच तयार केलं. सकाळी मी पंखा लावतो, माल पोचवायला जातो. परत येतो तर पंखा बंद आणि रेखाच्या नाकावर ओढणी. परवा मी चिडलो. तिने मशीनवरून मानही वर केली नाही.

"ताईंनीच शिकवलंय ना, दादा. पंखा लावला की रेघ बिघडते."

रेघ खरंच सुरेख आली होती. लॉट संध्याकाळी जायचा होता. मी पंख्याच्या बटणापर्यंत गेलो... मग तिच्यासमोर येऊन टोपणं खोक्यात भरायला बसलो.