म्हातारबाचे खूर
ऊन तापू लागलं, तबेल्यातल्या बाकीच्या घोड्यांनी अंगावरची थंडीतली लव झाडून टाकली. म्हातारबाची काही गळेना. उलट मेंढरासारखी कुरळी झाली. "या वयातही काय झुपकेदार आहे बघा," असं दादा आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचा. ताईच्या मनात मात्र पाल चुकचुकत होती. पाण्याची बादली भरून पाठ फिरवावी तोवर रिकामी, आणि खालचं गवत कायम ओलं.

वडिलांमागे ही दोघं भावंडं घोडेस्वारीचा वर्ग चालवत होती. हिशेब, फोन ताईकडे; घोडे दादाकडे. वहिनी कधी आणतोस, असं कुणी विचारलं की तो म्हातारबाकडे बोट दाखवायचा. "त्याला विचारा, जागा देतो का."

तिनं करायला लावलेल्या रक्ताच्या तपासणीचा निकाल सांगायला जनावरांच्या डॉक्टरीणबाई स्वतः आल्या, तेव्हाच ताई काय ते समजली.

"कुशिंग. मेंदूतल्या ग्रंथीचा आजार. बरा होत नाही, सांभाळावा लागतो. रोज गोळी. केस कातरा. दाणा बंद, गोड तर अजिबात नाही. साखर चढली की खुरांवर येतं. आतलं हाड एकदा सरकलं, की माझ्या हातात फारसं उरत नाही."

घोड्याच्या तोंडात औषध कोंबायचं नाही, त्यानं हातातून आपणहून घ्यायला हवं, ही दादाची पद्धत. त्यावरच त्याचं नाव होतं. म्हातारबानं गोळी थुंकली तेव्हा ताई म्हणाली, "पाण्यात विरघळवून सिरिंजनं देऊ."

"तू तुझे फोन सांभाळ. माझ्या हातून तो विषही खाईल."

आणि खरंच, गोळी जायला लागली. ताईला हायसं वाटलं. डॉक्टरीणबाईंनी शिकवल्याप्रमाणे ती रोज सकाळी खुरांवर तळवा ठेवायची. दगडासारखे गार असायचे. मग एकदा कोमट लागले. उन्हानं असेल, अशी तिनं मनाची समजूत घातली. दुसऱ्या सकाळी ते तापलेले होते, आणि खुराच्या वर मागच्या बाजूला नाडी बोटाखाली थाडथाड उडत होती. म्हातारबा पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागे देऊन उभा होता; जमीन भाजत असल्यासारखा.

"दादा, गोळी कशातून देतोस?"

"देतो कशात तरी."

"कशात?"

"खजुरात. बी काढून."

"एका?"

"गोळी एकातच. आधी तीन-चार रिकामे द्यावे लागतात, नाहीतर त्याला संशय येतो."

"अरे, गोड नको म्हणाल्या होत्या ना त्या?"

"गोड म्हणजे गूळ, साखर. खजूर फळ आहे गं."

ताईनं त्याचा हात धरून खुरावर टेकवला. त्यानं तो बराच वेळ उचलला नाही.

फोनवर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्याला जागचा हलवू नका. खाली जाड मऊ अंथरा, खूर बर्फाच्या पाण्यात ठेवा. एक्स-रेचं यंत्र घेऊन निघतेच. आजची गोळी मात्र चुकवू नका."

ताईनं सिरिंज भरली. दादानं दोन्ही हातांनी म्हातारबाचं डोकं आवळून धरलं, आयुष्यात पहिल्यांदाच. घोडा बिचकला. त्यानं मागे सरकायला अंग ताणलं, पण पाय काही उचलला गेला नाही.