जवळची पूर्ण संख्या

साठी उलटल्यावर लेखणी हाती घेणारीने असे काही लिहावे, हे धाडसच आहे; वाचकांनी क्षमा करावी. पण शेजारच्या नलूवहिनींच्या घरी पाहिलेले वहीचे एक पान मनातून जात नाही.

त्यांच्या दहा वर्षांच्या मृदूला गृहपाठ होता: घरातल्या प्रत्येकाचे वय दशांशात मांडून जवळची पूर्ण संख्या लिहायची. बाबा ४१.६, म्हणून ४२. आई ३८.२, म्हणून ३८. त्यांच्या खाली तिने गेल्या वर्षी, चार महिन्यांचा असताना वारलेला आपला भाऊ मांडला होता: ०.३, म्हणून १.

मेथी निवडता निवडता वहिनी वहीत डोकावल्या. “हे चुकलं. पाचाच्या आतलं सोडून द्यायचं असतं ना?”

“पण मग शून्य येतं, आई.”

“येऊ दे. बाईंनी चूक दिली की रडत बसशील.”

“काकू, तुम्ही सांगा ना आईला.”

मी खाली पाहत म्हणाले, “आई बरोबर सांगते आहे.”

नियमाच्या मनात दुष्टावा नसतो. अर्ध्यापुढे गेलेल्याला तो वर ओढून घेतो, अलीकडच्याला सोडून देतो. मुले किती, असे कुणी विचारले की वहिनीही “एकच मुलगी” म्हणतात, आणि विचारणाऱ्याला तेवढेच सोयीचे असते.

वहिनींनी ओल्या बोटांत खोडरबर धरला, तो एक स्वतः खोडला आणि वही लेकीपुढे सरकवली. मृदूने अगदी नीट, गोल शून्य काढले.

माझ्या जागी तुम्ही असता, तर तो एक राहू दिला असता का?